होल्डवर ठेवलेलं ट्रान्झिशन

जुलै २०२३. बाहेर पुण्याचा बारीक, न थांबणारा पाऊस. एरंडवण्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीच्या दारात सव्वीस वर्षांची एक व्यक्ती उभी. कंपनीचा राखाडी शर्ट, पाठीला सॅक, गालावर दोन दिवसांची दाढी. "फोन केला होता. पावसामुळे उशीर झाला. छत्री कुठे ठेवू?"

तीन वाक्यं झाली तरी बोलणारा तो की ती, पत्ता लागला नाही. 'केला' फोनला चिकटलेलं, 'झाला' उशिराला, आणि 'ठेवू' तर कुणाचंच नाही. पुढचा पाऊण तास हे असंच चाललं. मराठीत 'मी' म्हणून तोंड उघडलं की 'करतो' की 'करते' हे लगेच ठरवावं लागतं, 'आलो' की 'आले' यातूनही सुटका नाही. पण 'मी डबा खाल्ला' यात खाणारा लपतो, आणि भविष्यकाळात 'मी येईन', 'मी बघेन' हे सगळ्यांचं एकच. समोरच्या खुर्चीतल्या माणसाला हे सगळे चोरदरवाजे पाठ होते. शाळेत कर्मणी प्रयोग शिकवताना आमच्या बाईंनी त्याचा हा उपयोग सांगितला नव्हता. मीही 'तुम्ही आलात', 'तुम्हाला काय वाटतं' याच वाटेने गेले. अहो-जाहोचा एरवी मला कंटाळा येतो, त्या दिवशी आधार वाटला.

इथे या व्यक्तीला किरण म्हणू. प्रकरण लिहायला किरणची संमती आहे, नाव बदललेलं आहे, घरचे आणि कामाच्या जागेचे तपशील ओळख पटणार नाही इतपत हलवले आहेत. कसं लिहू, असं विचारल्यावर नियमही किरणनेच घालून दिला. टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची, इंजेक्शनं सुरू होईपर्यंत 'ती', चालू होती तोवर 'तो', आणि नंतरचं शक्यतो नावाने. अगदीच अडलं तर 'ती' चालेल. वाचताना कुठे ठेच लागली तर ती प्रकरणातलीच आहे.

धनकवडीतलं दोन खोल्यांचं घर. वडील रिक्षा चालवायचे, आई पोळी-भाजीचे डबे करते, आणि आईची आई, कोल्हापूरकडची, बरीच वर्षं यांच्यातच आहे. नववीत असताना पीएमपीच्या बसमध्ये घडलेला एक प्रकार तिने कुणालाच सांगितला नव्हता. दहावीनंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा, मग चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात क्वालिटीमध्ये नोकरी. २०१९ मध्ये, बाविसाव्या वर्षी, तिने आईला सांगितलं की आपण मुलगी नाही. आईला ते पचायला वर्ष लागलं. वडिलांनी बोलणं टाकलं.

लॉकडाऊनमध्ये व्हिडिओवर दोन बैठका होऊन मनोविकारतज्ज्ञाचं पत्र मिळालं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये टेस्टोस्टेरॉन सुरू झालं. दर एकवीस दिवसांनी २५० मिलिग्रॅमचं तेलकट इंजेक्शन, कमरेखाली. घराजवळच्या दवाखान्यातले कंपाउंडर काका एक अक्षर न विचारता टोचायचे, याची किरण आजही कृतज्ञतेने आठवण काढते. तिसऱ्या महिन्यात आवाज फुटला, पाचव्यात पाळी थांबली, वर्षभरात दाढी आली. त्याच सुमारास कागदपत्रंही झाली. २०१९ चा ट्रान्सजेंडर हक्कसंरक्षण कायदा जानेवारी २०२० मध्ये लागू झाला होता आणि नोव्हेंबरात केंद्राचं पोर्टलही सुरू झालं होतं. त्यावर अर्ज करून त्याने २०२१ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांचं ओळख प्रमाणपत्र मिळवलं. गॅझेटमध्ये नाव बदललं, आधारवर लिंगाच्या रकान्यात 'ट्रान्सजेंडर' आलं.

डिसेंबर २०२१ मध्ये वडील हृदयविकाराने गेले. वैकुंठ स्मशानभूमीत मडकं त्याने धरलं. नातेवाइकांपैकी कुणी हरकत घेतली नाही, उलट एका काकांनी खांद्यावर हात ठेवला. दोन वर्षं ज्यांनी तोंड फिरवलं होतं, त्यांना अचानक घरात एक कर्ता पुरुष सापडला होता. रिक्षाच्या कर्जाचे हप्ते, आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सोसायटीची मीटिंग. आत्याच्या मुलीच्या लग्नाची बैठक ठरली तेव्हा फोन आला, "तू ये, तुझ्या घरातून पुरुष तूच." हे किरणने मला सांगितलं तेव्हा चेहऱ्यावर जे होतं ते दुःख नव्हतं. थकवा होता, आणि त्यात थोडंसं हसू.

फेब्रुवारी २०२३ मध्ये रक्ततपासणीत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं शेकडा प्रमाण, ५५ आलं. टेस्टोस्टेरॉनमुळे तांबड्या पेशी वाढतात, रक्त दाट होतं, आणि हा आकडा ५४ च्या वर गेला की डॉक्टर डोस कमी करतात किंवा काही काळ थांबवतात. हार्मोनतज्ज्ञांनी डोस अर्धा करून तीन महिन्यांनी पुन्हा तपासू असं सांगितलं. एप्रिलमध्ये छातीची शस्त्रक्रिया ठरलेली होती, ॲडव्हान्स भरून झाला होता. मार्चमध्ये किरणने इंजेक्शन चुकवलं. पुढचंही चुकवलं. शस्त्रक्रियेच्या रुग्णालयात फोन करून 'घरी अडचण आहे' सांगितलं. उरलेल्या दोन अँप्युल्स कपाटात लाइटबिलांच्या खाली गेल्या. आणि हे सगळं डॉक्टरांना, आईला, ट्रान्स मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, कुठेही न सांगता.

आता माझी चूक. पहिल्या बैठकीत "मार्चपासून थांबवलंय" हे वाक्य ऐकताच मी वहीच्या कोपऱ्यात एक शब्द लिहिला आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं: पश्चात्ताप? समोरून लगेच आवाज आला, "ते खोडा." उलट्या बाजूने अक्षर वाचणं हे क्वालिटी इन्स्पेक्टरला नवीन नसावं. मग किरणने समजावून सांगितलं, अगदी नवीन ट्रेनीला सांगावं तसं. "आमच्याकडे पार्ट ठेवायची तीन बिनं असतात, पेट्या. हिरवं ओके, लाल रिजेक्ट, पिवळं होल्ड. पिवळ्यातल्या पार्टचा निकाल लागलेला नसतो. कुणीतरी परत मोजून सही करेपर्यंत तो तिथे असतो."

"सही कोण करणार?" मी विचारलं.

"क्वालिटीवालाच. म्हणजे मलाच करायचीय."

मी शब्द खोडला. वीसेक वर्षं हे काम करून शिकलेली माणसं कुठे घाई करतात, तर इथे. जो ट्रान्झिशन करतो, म्हणजे आपल्या ओळखीप्रमाणे शरीर, नाव, राहणी बदलायला घेतो, त्याच्याबद्दल आपण 'खात्री आहे ना?' असं शंभरदा विचारतो, आणि जो थांबतो त्याच्याबद्दल मात्र पहिल्याच वाक्यात निकाल लावून मोकळे होतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या बैठकीत आम्ही एक साधं काम केलं. 'ट्रान्झिशन' हा शब्द बाजूला ठेवला आणि त्यात काय काय आहे ते एका कागदावर उतरवलं: इंजेक्शन, छातीची शस्त्रक्रिया, गॅझेटमधलं नाव, दाढी, शर्ट-पँट, कारखान्यातलं पुरुषांचं टॉयलेट, आईने 'तो' म्हणणं, आत्याने 'पुरुष' म्हणणं, ट्रान्स मित्र. प्रत्येकापुढे किरणने लिहायचं: नको, हवं, सध्या नको, माहीत नाही. एकाच उत्तराची ओळ निघेल असं मला वाटलं होतं. निघाली ती पार तिरपागडी. इंजेक्शन: नको. शस्त्रक्रिया: सध्या नको. नाव: हवं, पाळण्यातलं परत नको. दाढी: नको, पण कुणी 'काढ' म्हटलं तर राहू दे. शर्ट-पँट: हा काय प्रश्न आहे. आत्याने 'पुरुष' म्हणणं: नको, नको, नको. मित्र: हवेत. आई: जागा कोरी.

कारणंही अशीच गुंतलेली होती. रक्ताचा आकडा हे निमित्त होतं. त्यामागे कर्तेपणाचं ओझं. त्याच्याही मागे शॉपफ्लोअरवरचा चहाचा ब्रेक. तिथे लाइनवरच्या पोरींबद्दल चाललेल्या विनोदांना हसावं लागायचं. "आपल्यातला मानल्यावरच पोरं असं बोलतात. आणि मला तेच हवं होतं ना." एकदा लाइनवरच्या एका मुलीने मागून ऐकलं आणि किरणकडे पाहिलं. ती नजर किरण तीन बैठकांमध्ये चार वेळा सांगून गेली.

मग नववीतली बस आली. दाढी आल्यापासून रात्री साडेअकराला कात्रजच्या थांब्यावर उभं राहिलं तरी कुणी बघत नव्हतं, हे सुख मोठं होतं. "मला पुरुष व्हायचं होतं, का कुणी बघू नये एवढंच हवं होतं?" प्रश्न किरणचा, शब्दही किरणचे. मी उत्तर दिलं नाही. एवढं नक्की सांगितलं की बसमध्ये असा त्रास झालेल्या मुली हजारो असतील आणि त्यातल्या बहुतेक स्वतःला मुलगीच समजतात. आणि ट्रान्स पुरुषांमध्येही असे अनुभव आलेले पुष्कळ आहेत, त्याने त्यांचं पुरुषपण खोटं ठरत नाही. अनुभवातून कारण काढायची घाई नको. किरणने थोडा वेळ पावसाकडे पाहिलं. "दोन्ही खरं असेल तर?" असूच शकतं, मी म्हणाले.

हे पहिल्या पत्राच्या वेळी का निघालं नाही? दोन बैठकांत नववीतली बस निघत नाही. पत्र देणाऱ्या डॉक्टरांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण मुलं व्हावीत असं कधी वाटेल का, बीजांडं गोठवायची का, एवढंसुद्धा विचारलं गेलं नव्हतं. ती विचारपूस म्हणजे अडवणूक नव्हे.

ऑगस्टमध्ये किरणला परत हार्मोनतज्ज्ञांकडे पाठवलं. जायचं नव्हतंच. "रागावतील." हा संकोच काही किरणचा एकटीचा नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका संशोधिकेने ट्रान्झिशन मागे घेतलेल्या १०० जणांची पाहणी छापली, त्यातल्या फक्त २४ जणांनी आपल्या डॉक्टरांना तसं कळवलं होतं. म्हणजे डॉक्टरांच्या वहीत उरलेले सगळे 'फॉलोअपला आले नाहीत' एवढेच. किरणचे डॉक्टर रागावले नाहीत. "आधी फोन करायचा होतास," म्हणाले, आणि तपासण्या लिहून दिल्या. हिमॅटोक्रिट ४३ वर आलं होतं. बीजांडकोश जागेवर असल्याने शरीर आपली हार्मोन्स पुन्हा तयार करायला लागलं होतं. जूनमध्येच, पहिल्या शिफ्टला जाताना, कंपनीच्या बसमध्ये पाळी आली होती. सॅकमध्ये काही नव्हतं. शेजारी बसलेल्या लाइनवरच्या मुलीकडे मागायला तोंड उघडलं तर आवाज निघाला तो पुरुषाचा. तिने क्षणभर बघून मुकाट्याने पॅड काढून दिलं. ही तीच, चहाच्या ब्रेकमधली.

काय परत येतं आणि काय येत नाही, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. चरबीची ठेवण हळूहळू बदलेल, कातडी मऊ होईल, पाळी आलेलीच आहे. आवाज मात्र परत चढणार नाही, कारण स्वरतंतू जाड झाले की जाडच राहतात. दाढीची मुळंही तशीच राहतील, नको असेल तर लेझरच्या बऱ्याच खेपा. गर्भधारणेची शक्यता आता गृहीत धरायची, खात्री मात्र कुणी देणार नाही. किरण वाचा-उपचाराला पाच वेळा गेली. पट्टी वर नेण्यापेक्षा आवाज छातीतून चेहऱ्याकडे कसा आणायचा, हे तिथे शिकवतात. सहाव्यांदा जाणं झालं नाही. "भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागताना ते सगळं आठवत बसायचं का?"

त्या काळात किरणच्या फोनमध्ये दोन्ही बाजूंचे स्क्रीनशॉट ठासून भरले होते. एका बाजूचं म्हणणं, थांबणारे जवळजवळ नसतातच. दुसऱ्या बाजूचं, सगळेच एक दिवस पस्तावतात. आम्ही त्यातले दोन आकडे नीट वाचले. ॲमस्टरडॅमच्या क्लिनिकमध्ये १९७२ ते २०१५ या काळात आलेल्या ६,७९३ जणांच्या नोंदींत, बीजांडकोश किंवा वृषण काढलेल्यांमध्ये पश्चात्तापाचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होतं. पण ते इतक्या पुढे गेलेल्यांचं. किरण तिथवर गेलेलीच नव्हती. दुसरा आकडा अमेरिकेतल्या २०१५ च्या मोठ्या सर्वेक्षणातला. ट्रान्झिशनच्या वाटेवर गेलेल्या १७,१५१ जणांपैकी १३.१ टक्के कधी ना कधी मागे फिरले होते, आणि त्यातल्या ८२.५ टक्क्यांनी घर, नोकरी, लोकांचा त्रास असं निदान एक बाहेरचं कारण दिलं. पण ते सर्वेक्षण स्वतःला ट्रान्स म्हणवणाऱ्यांचंच होतं, कायमचे बाहेर पडलेले त्यात येणार कुठून? "म्हणजे दोन्ही गेज माझ्या पार्टसाठी नाहीत," किरणने फोन उलटा ठेवला.

घरचं प्रकरण सगळ्यात अवघड होतं, आणि ते माझ्या खोलीत सुटलं नाही. त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. निज श्रावणात आत्याला कुठूनतरी कळलं आणि ती खण, नारळ, तांदूळ घेऊन दारात हजर. "आली ना माघारी माझी लेक. आता हिचं बघू." किरण भिंतीला टेकून उभी, हात मागे. आई ओट्याशी पोळ्या लाटत होती. तिने गॅस बंद केला, पिठाचे हात पदराला पुसले आणि पाटावर येऊन बसली. "वन्सं, ओटी भरायचीच असेल तर माझी भरा." वडिलांना जाऊन दोन वर्षंही झाली नव्हती. विधवेची ओटी कोण भरतं? आत्या उभीच राहिली, मग पिशवी ओट्यावर ठेवून चहा न घेता गेली. नारळाची दुसऱ्या दिवशी चटणी झाली आणि डब्यांतून गेली. कागदावरच्या 'आई' पुढच्या कोऱ्या जागेत किरणने पुढच्या बैठकीत 'बघू' लिहिलं.

त्याच आठवड्यात आत्याचा मला फोन. "मॅडम, आता परत त्या वाटेला जाणार नाही असं पक्कं करून द्या." मी नाही म्हटलं. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये अशा 'पक्कं करून देण्या'ला, म्हणजे कन्व्हर्जन थेरपीला, व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे, हेही सांगितलं. मी डॉक्टर नाही, पण माझ्या खोलीतही तोच नियम. उद्या कुणी 'परत इंजेक्शन सुरू करायला लावा' म्हणून आलं तरी त्यालाही हेच उत्तर मिळेल.

मित्रांकडे परतणं त्या मानाने सोपं गेलं. ग्रुपमधून न सांगता बाहेर पडल्यामुळे सगळ्यांना वाटलं होतं की घरच्यांनी डांबून ठेवलं. एक जण थेट धनकवडीला आला. अँप्युल्स वाया जाणार असतील तर मला दे, म्हणाला. किरणने दिल्या नाहीत. दुसऱ्याच्या डोसचं औषध देऊन त्याचं रक्त दाट करायचं नव्हतं, हे एक. दुसरं कारण विचारलं तर खांदे उडवले.

कागदपत्रं अजून अडकलेली आहेत. आधारवर लिंगाची नोंद एकदाच बदलता येते. ती संधी २०२१ मध्ये वापरून झाली. पुन्हा बदलायची तर अपवाद म्हणून मुंबईच्या प्रादेशिक कार्यालयाकडे प्रकरण जातं. प्रमाणपत्राचं तर आणखीच वेगळं. २०१९ च्या त्या कायद्याचं कलम ७, जसं ते तेव्हा होतं, शस्त्रक्रियेनंतर पुरुष किंवा स्त्री अशी सुधारित नोंद मागणाऱ्यासाठी होतं. शस्त्रक्रिया न करता मागे वळणाऱ्याचा त्यात विचारच नव्हता. बदल करावा का, हे विचारल्यावर किरणचं उत्तर, "राहू दे. 'ट्रान्सजेंडर' खोटं कुठे आहे? बँकेने प्रश्न विचारला तर बघेन." भविष्यकाळ.

भाषेची गाठ सुटली ती आजीमुळे, आणि याचं श्रेय मला घेता येणार नाही. कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो', 'मी जेवलो', 'मी जातो' असं सर्रास म्हणतात. आजी पुण्यात येऊन पस्तीस वर्षं झाली तरी तिचं 'येतो' सुटलेलं नाही. नऊवारी नेसून, कपाळाला बुक्का लावून ती दारातून हाक मारते, "किरण, मी देवळात जातो गं." मार्च २०२४ मधल्या बैठकीत किरण आत आली ती बोलतच, "ताई, स्वारगेटला अडकलो होतो, सॉरी." मी मान वर केली. "आजीसारखं," किरणने खुलासा केला. "आजीला कुणी विचारतं का?"

कारखान्यात नव्या ट्रेनीने विचारलंच. मॅडम म्हणायचं की सर, आणि मॅडम असाल तर 'मोजतो' का म्हणता? किरण तेव्हा पार्टच्या भोकात माप तपासायचा प्लग गेज घालून बघत होती. "आजोळ कोल्हापूरचं." "हां," म्हणून पोरगा पुढचा पार्ट घेऊन आला.

सध्या दर तीन महिन्यांनी भेट असते. अँप्युल्स अजून बिलांच्या खाली आहेत. त्यांवरची तारीख उलटून गेली आहे, हे आईने परवा कपाट आवरताना सांगितलं आणि परत तिथेच ठेवल्या. पुढच्या भेटीआधी किरणला रक्ताची तपासणी करून यायला सांगितलं आहे.